गाडीखालचा थेंब

तीर्थरूप मामा,

भाच्याचा वाकून नमस्कार. (गुडघा आता पूर्वीसारखा वाकत नाही, पण पत्रात पूर्ण वाकलो आहे असं समजावं.) तुमची तब्येत, बेबीची तब्येत, जावईबापूंची पाठ आणि त्यांच्या शेजाऱ्यांचं ते विनाकारण भुंकणारं कुत्रं, सगळे ठीक असोत अशी देवाजवळ रोज प्रार्थना करतो. इकडे मी ठीक. मामी ठीक आहेत असं त्या म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यावर शंका घ्यायची या घरात पद्धत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

पत्र लिहिण्याचं कारण अगदी साधं आहे. तुमच्या मोटारसायकलच्या इंजिनाला बाजूचं जे गोल झाकण आहे, त्याच्याखाली तेल अडवायला बसणारं कागदी गॅस्केट किती जाडीचं असावं, एवढंच विचारायचं होतं. फोनवरही विचारता आलं असतं, पण फोन स्वयंपाकघरात आहे आणि स्वयंपाकघरात मामी आहेत. शिवाय गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं की प्रश्न विचारण्याआधी तो का पडला ते सांगावं. (गुरुजी स्वतः इतक्या मागून सुरुवात करत की प्रश्न येण्याआधी शाळा सुटायची.) म्हणून थोडं मागून सांगतो. चष्मा लावून, बसून वाचावं. शक्यतो उजेडात वाचावं.

तुम्ही घर सोडून बेबीकडे गेलात त्याला तुमच्या लेखी शंभर कारणं असतील. मामींच्या लेखी एकच आहे, आणि ते शर्टाच्या बटणाएवढं, गोल, काळं आणि तेलकट आहे. जिन्याखालच्या खोलीत गाडी उभी राहायला लागल्यापासून त्या फरशीवर रोज एक थेंब पडतो, मामी तो रोज पुसतात, आणि पुसताना जे बोलतात ते ऐकून तुमच्यासारखा शांत माणूससुद्धा एक दिवस पिशवी भरून निघाला. निघताना तुम्ही म्हणालात, आता बोलावल्याशिवाय येणार नाही. मामी दारातून म्हणाल्या, फरशीवर थेंब दिसायचा बंद होईल त्या दिवशी बोलावीन. दोघांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. मधल्या मध्ये मी. तेव्हा मी मनाशी ठरवलं की या वयात दोन माणसांचा संसार एका थेंबावर अडावा हे काही बरं नाही. थेंब आपण थांबवू. आयुष्यभर पाणीपुरवठ्याचे पंप सांभाळले, गळती म्हणजे आमची रोजची भाकरी. पंपापुढे मोटारसायकल म्हणजे काय, पाणी नसलेला पंपच की. (हे वाक्य मी तेव्हा मोठ्याने, गाडीसमोरच म्हणालो होतो. आता वाटतं, म्हणायला नको होतं.)

सुरुवातीला वाटलं, गाडी जागेवरून हलत नाही, कोणी किक मारत नाही, वर चादर घातलेली आहे, तेव्हा आत साठलेलं काय ते ठिबकून संपेल. पण संपलं नाही. मी रोज उजाडायच्या सुमारास पंपघरावर जाताना फरशी पुसलेली, कोरडी बघून जायचो. सकाळचं पाणी सोडून परत यावं तर थेंब हजर. चुकूनही दोन नाहीत, चुकूनही इकडेतिकडे नाही. गंमत म्हणजे तो इंजिनाच्या बरोबर खाली नसायचा. जरा मागे, जिथे कोणी गाडीवर चढायला पाय टेकवावा तिथे असायचा. गळतीला शिस्त नसते, मामा. मी आजवर जेवढ्या गळत्या पाहिल्या त्या सगळ्या भटक्या जातीच्या. ही एकटीच नेमाने, देवळात जावं तशी, वेळेवर यायची.

मग मी मिस्त्रींना बोलावलं. तेच ते, ज्यांना सगळी गल्ली 'उद्या' म्हणते, कारण कोणत्याही कामाला त्यांचं ते एकच उत्तर असतं. मी निरोप पाठवला आणि ते त्याच दिवशी आले. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं की यात काहीतरी विपरीत आहे. त्यांनी झाकणं उघडली, जुनी गॅस्केटं खरवडली, जाड कागदाची नवी कापून बसवली, सगळे नट आवळले आणि तुमच्या गाडीबद्दल चार आदराचे शब्द बोलून गेले. दुसऱ्या दिवशी थेंब. ते परत आले (परत!), पुन्हा सगळं उघडलं, पुन्हा बसवलं. थेंब. मग त्यांनी एक युक्ती सांगितली. इंजिन रॉकेलने लख्ख धुवायचं, कोरडं करायचं आणि वरून अंगाला लावायची पावडर भुरभुरायची. तेल जिथून निघेल तिथे पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. "माणूस खोटं बोलेल," मिस्त्री म्हणाले, "पावडर नाही बोलणार."

मामींच्या पावडरीचा डबा मी त्यांना न विचारता घेतला. हात जरा सैल सुटला. इंजिनच काय, टाकी, हँडल, पुढची सीट, मागची सीट, सगळं पांढरं झालं. गाडी अगदी भुतासारखी दिसायला लागली. (हा शब्द मी तेव्हा सहज वापरला होता.) वर हलक्या हाताने चादर घातली, खिडकी लावली, दाराला बाहेरून कडी घातली आणि सकाळी पंपावर गेलो. परत आलो तेव्हा कडी होती तशीच होती. आत चादर नीट चौपदरी घडी होऊन स्टुलावर ठेवलेली. इंजिनावरची पावडर जशीच्या तशी, मुंगी चालल्याचीसुद्धा खूण नाही. खाली फरशीवर थेंब.

आणि मागच्या सीटवर कोणीतरी बसून गेल्याचा ठसा.

पुढच्या सीटवर पावडर अभंग होती. मागच्या सीटवर मात्र मधोमध खोलगट, गुळगुळीत जागा, आणि डाव्या बाजूचा पाय ठेवायचा दांडा पुसल्यासारखा स्वच्छ. मी हात लावून पाहिला. इंजिन विहिरीतल्या दगडासारखं गार. पुढची सीट गार. मागची सीट, मामा, कोमट होती. आता तुम्हाला माहीत आहे, मी देव मानतो, आणि देव मानतो म्हणून भूत मानत नाही, असं आजवर सगळ्यांना सांगत आलो. पण देव मानणाऱ्या माणसाची एक अडचण असते. न दिसणाऱ्यावर विश्वास ठेवायची त्याला सवय लागलेली असते. मी जागच्या जागी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, आणि डोळे उघडायची हिंमत व्हायला जरा वेळ लागला, कारण त्या सीटच्या स्प्रिंगा हळूहळू वर येत होत्या, आणि येताना अगदी बारीक, कुंई, असा आवाज करत होत्या.

मी मामींना हाक मारली. त्या आल्या, त्यांनी गाडीकडे पाहिलं, ठशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माझा पावडरीचा डबा कोणी अर्धा केला?" मग हातातल्या फडक्याने मागची सीट झटकून साफ केली आणि फरशीवरचा थेंब पुसता पुसता तुमच्या नावाने नेहमीचं स्तोत्र म्हटलं. मला वाटलं, काय ही बाई, हिला भीती म्हणून नाही! (मामींवर संशय घ्यावा असं माझ्या स्वप्नातही आलं नाही. त्या लोखंडाला माझा हात लागणार नाही, असं त्यांनी तुमच्यादेखत सांगितलेलं, आणि गाडीला वळसा घालून जाताना त्या अंग चोरून जातात हे मी रोज बघतो.)

दुसऱ्या दिवशी मी उरलेली पावडर टाकली, ठसा पुन्हा उमटला, आणि मामी बाजारात गेलेल्या पाहून मिस्त्रींना दाखवायला आणलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "मागे कोण बसलं होतं?" मी म्हटलं, कोणी नाही. "आणि पुढे?" पुढेही कोणी नाही. "म्हणजे चालवणारा कोणी नाही, आणि मागे बसणारं आहे." मी म्हटलं, दिसतं तर तसंच. मिस्त्रींनी एकेक पाना फडक्यात गुंडाळला. "हे गॅस्केटचं काम नाही, भाऊ," ते म्हणाले. मी विचारलं, मग आता परत कधी येता? आणि मामा, त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा 'उद्या' म्हटलं नाही.  दार उघडं ठेवूनच गेला.

पण मी हटलो नाही. (हटलो असतो, पण पंपघरात असताना सारखे तुम्ही डोळ्यांसमोर यायचात, बेबीच्या घरी पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसलेले.) गाडीखाली आडवा पडून बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर इंजिनाच्या मागून एक बारीक नळी निघून खाली लोंबकळत होती. तोंड उघडं, आणि त्या तोंडाशी एक थेंब. चोर सापडला! या नळीच्या आत पावडर जाणार कशी, आणि रेघ उमटणार कशी? मी लाकडाची छानशी खुंटी तासली, देवाचं नाव घेतलं आणि नळीत ठोकून बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी फरशी कोरडी. अगदी निरांजन ठेवावं इतकी स्वच्छ.

मला वाटलं होतं, मामी खूश होतील. त्या फरशीकडे पाहत राहिल्या. थेंब नव्हता तरी त्याच जागेवरून फडकं फिरवलं, फडकं उलटून पाहिलं, आणि परत फिरवलं. मी म्हटलं, मग आता मामांना फोन लावू? तर म्हणाल्या, "आधी सुरू करून दाखव. बंद गाडी कोणाचीही कोरडी राहील. मेलेल्या माणसाला कधी घाम येतो का?"  मी खिडकी उघडली, पेट्रोल सोडलं, तुम्ही करता तसं किकवर उभं राहून एक सुस्कारा टाकला आणि मारली. तुमच्या गाडीने तुमची लाज राखली, मामा. पहिल्याच किकला लागली. धड, धड, धड, तोच तुमचा आवाज. मामी चौकटीला धरून उभ्या होत्या. त्या आवाजासरशी त्यांचा चेहरा असा झाला की मी नजर दुसरीकडे वळवली. देवळात कोणी डोळे मिटून उभं असलं की आपण त्याच्याकडे बघत नाही, तसं.

एवढ्यात इंजिनाचा आवाज घट्ट झाला. तोंड दाबलेल्या माणसाचा होतो तसा. मला पंप कळतात, पण इंजिन श्वास घेतं आणि सोडतं, आणि ती लोंबकळणारी नळी म्हणजे त्याचं नाक, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नाक मी खुंटी मारून बंद केलेलं. मग त्याने सगळ्या अंगातून श्वास सोडला. नवी गॅस्केटं, जुने सांधे, जिथून म्हणून वाट मिळेल तिथून काळं तेल पिचकारीसारखं उडालं. मी बंद करेपर्यंत मी, छत, खिडकी आणि मागची भिंत सगळे एका रंगाचे झालो होतो. बाजूला सरकून मागे वळून पाहिलं, आणि मामा, भिंतीवर एक माणूस उभा होता. पांढरा. सगळ्या काळ्या भिंतीत मी जिथे उभा होतो तेवढीच जागा चुन्याची राहिलेली. डोकं, खांदे, पोट, किंचित वाकलेला डावा गुडघा. मी तुमच्या वळणावर गेलो आहे असं लोक म्हणतात ते मी कधी मनावर घेतलं नव्हतं. भिंतीवर मी नव्हतो, तुम्ही होता. मामी हळूहळू जवळ आल्या. मला वाटलं, आता माझी काही खैर नाही. त्यांनी त्या आकृतीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "पोट जरा उतरलंय."

मी चुन्याचा डबा आणला आहे. तो अजून बंदच आहे. भिंतीला हात लावायचा नाही असा हुकूम आहे. दिवेलागणीला जिन्यातला दिवा लागला की तो पांढरा माणूस भिंतीपासून बोटभर पुढे आल्यासारखा दिसतो. (मी पंपावर निघताना त्याला 'येतो' म्हणतो. भीतीने नाही. मोठ्या माणसाला सांगून जावं एवढंच.)

खुंटी अर्थातच काढली. थेंब अर्थातच परत आला, त्याच जागी, तेवढाच. मामी त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी नेहमीसारख्या तणतणल्या आणि मला उगीचच घर सुरळीत झाल्यासारखं वाटलं.

आता जे सांगतो ते बेबीला वाचून दाखवू नये. परवा सकाळी मी पंपघरावर गेलो तर वीजच नव्हती. वाट पाहण्यात अर्थ नव्हता, म्हणून लगेच परत फिरलो. रस्ता रिकामा, नुकतं झुंजुमुंजू झालेलं. घराच्या दाराशी आलो आणि जिन्याखालच्या खोलीतून आवाज आला. कुंई. कुंई. स्प्रिंगांचा. आणि त्याच्याबरोबर कोणीतरी अगदी खालच्या आवाजात बोलत होतं. खरं सांगतो, माझे पाय रस्त्याकडे वळले होते. पण घरात मामी एकट्या आहेत हे आठवलं. मनात देवाचं नाव सुरू ठेवलं आणि फटीला डोळा लावला.

मागच्या सीटवर मामी बसल्या होत्या. एका बाजूला पाय घेऊन, मांडीवर रिकामी भाजीची पिशवी, केस नीट विंचरलेले. डोळे उघडे, समोर. उजवा हात वर उचललेला, पुढच्या सीटवर माणूस बसला असता तर त्याचा खांदा जिथे आला असता तिथे ठेवलेला, आणि बोटं खांद्यावरून वळावीत तशी वळलेली. तुम्ही करून पाहा, मामा. रिकाम्या हवेत हात असा ठेवला तर थोड्या वेळात थरथरतो. तो हात थरथरत नव्हता. टेकलेला होता.

"अहो, हळू," त्या म्हणत होत्या. "पुढे खड्डा आहे, रोजचाच आहे, तरी रोज घालता." आणि त्या खड्ड्याबरोबर जराशा वर उडून खाली बसल्या. स्प्रिंगा वाजल्या. मग डावीकडे कलल्या, म्हणजे वळण आलं असावं. "बघा, बघा, त्या वळणावरच्या बाईकडे बघा. रस्ता काय, तो आहेच." मग मान थोडी पुढे केली, पुढचा माणूस काही सांगत असला आणि वाऱ्यात ऐकू येत नसलं की करतो तशी. तुम्हाला एखादी गोष्ट सांगायला जेवढा वेळ लागतो बरोबर तेवढा वेळ थांबल्या. आणि हसल्या. मी या घरात इतकी वर्षं राहतो, मामी हसतात हे मला माहीत होतं, पण त्या असं हसतात हे माहीत नव्हतं. मी तिथून हलायला हवं होतं. हललो नाही, देव मला क्षमा करो.

मग "पुरे, आलं घर," म्हणाल्या आणि उतरल्या. उतरताना गाडी स्टँडवर मागे कलली, मागचं चाक जमिनीला टेकलं आणि परत वर आलं, आणि त्या नळीच्या तोंडातून एक थेंब निघून फरशीवर पडला. टप. मामींनी खाली पाहिलं. "आलं का परत तुमचं? किती वेळा सांगितलं, बाहेर निथळू द्यावी आणि मग आत आणावी." चादर उचलून तिची घडी घातली, कारण समोर कापड दिसलं आणि त्याची घडी घातली नाही असं मामींच्या हातून होत नाही.

तर गळतीचं कारण हे असं आहे. उभ्या गाडीत तेलाच्या टाकीतलं तेल मुरत मुरत खाली येऊन इंजिनात साठतं, आपण होऊन ते बाहेर पडत नाही. पण मागच्या सीटवर कोणी बसलं की गाडी कलते, आणि साठलेल्यातला एक थेंब नाकावाटे बाहेर येतो. मामी बसल्या की थेंब पडतो. थेंब पडला की त्या तुमच्यावर चिडतात. चिडल्या की तुम्हाला बोलावत नाहीत. बोलावत नाहीत म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतात. हे चक्र कोणत्या पान्याने सुटेल ते मला समजत नाही. त्यांना सांगावं, तर त्या पुन्हा कधी गाडीवर बसणार नाहीत आणि माझ्या तोंडाकडेही बघणार नाहीत. न सांगावं, तर थेंब थांबत नाही. रोज पंप सुरू करताना मी याच गोष्टीचा विचार करतो. पंपाच्या फिरत्या दांड्याभोवती आम्ही तेलकट दोरी ठासून भरतो. नवा माणूस आला की ती दोरी आवळून आवळून पाणी अगदी बंद करतो आणि शाबासकीसाठी आमच्याकडे बघतो. त्याला सांगावं लागतं की बाबा, थेंब थेंब पडू दे. अगदी कोरडा केलास तर दांडा जळेल. लोकांना हे सांगण्यात माझी उमर गेली, आणि घरात मात्र मी खुंटी तासत बसलो.

असो. पत्र फार लांबलं. गॅस्केटची जाडी तेवढी कळवावी. बेबीला आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार, कुत्र्याला माझ्यातर्फे काही सांगू नये. थंड पाण्याने अंघोळ करू नये. देव तुम्हाला सुखी ठेवो आणि मला जरा धीर देवो, एवढंच त्याच्याकडे मागून पत्र आवरतो.

तुमचा,
पंपावरचा भाचा

ता. क. गॅस्केटची जाडी कळवली नाही तरी चालेल. गॅस्केट अगदी बरोबर बसलं आहे, ते मिस्त्रींच्या पहिल्याच दिवशी बसलं होतं. मामा, तुम्ही या. बोलावल्याशिवाय येणार नाही असं तुम्ही म्हणालात. तर त्या तुम्हाला रोज सकाळी बोलावतात. फक्त तुम्ही एक हात अंतरावर, पुढच्या सीटवर आहात असं समजून हळू बोलावतात, म्हणून बेबीच्या घरापर्यंत आवाज येत नसेल. आल्यावर मी काही लिहिलं होतं असं दाखवू नये. गाडीची आठवण झाली म्हणून आलो, असं म्हणावं. त्या म्हणतील, गाडीचीच होणार. तिथे गप्प राहावं.

ता. क. दुसरा. हे पत्र टाकायचं राहिलं, कारण मध्येच मला अक्कल सुचली. म्हटलं, तेलच काढून टाकू. मग मामी खुशाल बसोत, थेंब पडणार नाही, शब्द त्यांना पाळावा लागेल आणि तुम्हाला मानाने बोलावणं येईल. काल संध्याकाळी तेलाच्या टाकीतलं, इंजिनातलं, सगळं तेल डब्यात उतरवलं, नळी फुंकून साफ केली आणि खात्रीसाठी नवा डबा आणून सीटांवर पावडर टाकली. आज सकाळी पंपावरून आलो. फरशीवर थेंब आहे. कुठे सांध्यात राहिलं असेल थोडं, हे मला कळतं, मी काही मूर्ख नाही. मागच्या सीटवर ठसा आहे, तोही मला कळतो. पण पुढच्या सीटवरही आहे, मामा. रुंद आहे. दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर बूट टेकल्याची खूण आहे. मामींनी चहा ओतताना मला विचारलं, "सकाळी गाडीवर तू बसला होतास का रे?" मी म्हटलं, मी पंपावर होतो. त्यांनी एक कप जास्त भरला आणि जिन्याखाली नेऊन ठेवला.

तेव्हा, तुम्ही बरे आहात एवढ्या दोन ओळी स्वतःच्या अक्षरात उलट टपाली पाठवा. आणि रोज येतच असाल, तर मामा, दिवसा या, दाराने या, आणि पिशवी घेऊन या.